व्हर्ट-मॅनेजर: दूरच्या सर्व्हरवरील व्हीएमचा कन्सोल हाती ठेवणारे साधन

केव्हीएमवर (लिनक्समधील व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीवर) चालणारी व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे व्हीएम, सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी व्हर्ट-मॅनेजर हे मुक्तस्रोत साधन आवर्जून सुचवतो, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी होणाऱ्या कूटबद्ध जोडणीवरून) कन्सोल, म्हणजे मशीनचा थेट पडदा व कीबोर्ड, उघडण्याची त्याची सोय. गेस्टचे, म्हणजे व्हीएमचे, नेटवर्क बंद पडले, फायरवॉलचा नियम चुकला किंवा मशीन बूट होतानाच अडकले, तर आत शिरण्यासाठी कन्सोलखेरीज मार्ग उरत नाही.

गेस्टचा व्हीएनसी डिस्प्ले (नेटवर्कवरून दिसणारा पडदा) सहसा होस्टच्या, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरच्या, १२७.०.०.१ या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ५९०० पासून पुढच्या एखाद्या पोर्टवर असतो. बाहेरच्या संगणकाला तो दिसत नाही, आणि दिसूही नये. होस्टशी जोडणी एसएसएचची असेल तर हे साधन त्याच वाटेने स्क्रीन आपल्यापर्यंत आणते, त्यामुळे वेगळे पोर्ट उघडावे लागत नाही.

उणीव जाणवते ती बिघाडाच्या वेळी. मशिन्सची यादी नीट दिसते, कन्सोलच्या जागी मात्र व्ह्यूअरची जोडणी तुटल्याचा त्रोटक संदेश येतो आणि कारण समजत नाही. कन्सोलसाठी एसएसएचची स्वतंत्र जोडणी होते, म्हणून पासवर्डऐवजी एसएसएचची की (किल्ली-फाइल) वापरणे जवळपास अनिवार्यच आहे. एवढे करूनही पडदा कोराच राहिला, तर होस्टवर व्हर्श या कमांड-लाइन साधनाची डोमडिस्प्ले ही कमांड चालवून डिस्प्लेचा क्रमांक पाहावा (त्यात ५९०० मिळवले की पोर्ट मिळते), एसएसएचच्या ‘-एल’ पर्यायाने त्या पोर्टपर्यंत स्वतः टनेल (एसएसएचमधून जाणारी वाट) करावा आणि साध्या व्हीएनसी व्ह्यूअरने तो डिस्प्ले उघडून पाहावा. चित्र दिसले तर गेस्ट ठीक आहे आणि दोष वाटेत आहे, एवढे निश्चित होते. मग जुन्या होस्टवर ही वाट जोडून देणारे नेटकॅट हे छोटे साधन आहे की नाही, हे आधी तपासावे.

होस्टशी एसएसएचऐवजी टीएलएसने (कूटबद्ध जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीने) जोडल्यास गेस्ट फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकत असल्याचे सांगून हे साधन तो पत्ता बदलायला सुचवते. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. पत्ता ०.०.०.० (म्हणजे सगळ्या नेटवर्कला खुला) केल्याने काम होते खरे, परंतु साध्या व्हीएनसीची वाहतूक कूटबद्ध नसते आणि तिचा पासवर्ड आठच अक्षरांपुरता ग्राह्य धरला जातो. त्यापेक्षा एसएसएचकडे वळणेच योग्य.

माझा आग्रह सीरियल कन्सोलसाठी, म्हणजे फक्त मजकुरावर चालणाऱ्या कन्सोलसाठी, आहे. लिनक्स गेस्टच्या कर्नल पर्यायांत टीटीवायएस० हा कन्सोल आधीच नोंदवून ठेवला, तर ग्राफिक्सचा मार्ग पूर्ण बंद पडला तरी व्हर्शच्या कन्सोल कमांडने लॉगिन मिळते, तेही अगदी मंद नेटवर्कवर.

आरएचईएल ८ (रेड हॅटची लिनक्स आवृत्ती) मध्ये रेड हॅटने व्हर्ट-मॅनेजर ‘डेप्रिकेटेड’, म्हणजे पुढे वापरू नये असे, ठरवून कॉकपिट या ब्राउझरमधील साधनाची शिफारस केली आणि आरएचईएल ९ मधून स्पाइस ही व्हीएनसीसारखी डिस्प्ले पद्धत काढून टाकली. तेव्हा स्पाइसवर असलेली जुनी मशिन्स आरएचईएल ९ वर हलवण्यापूर्वी त्यांचा डिस्प्ले व्हीएनसीवर आणून घ्यावा.