घुमटाचा हात आणि दोन डॉलरचं गाणं

पहिल्यांदा व्हिडिओ गेमच्या ड्रमवर बसलो तेव्हा भाच्याने मला 'ईझी' या सोप्या पातळीवर ठेवलं. म्हटलं, अरे, पस्तीस वर्षं चवथीला घुमट (मातीच्या घटाचं, हाताने वाजवायचं आमचं गोव्याचं वाद्य) वाजवतोय, मला बालवाडीत काय बसवतोस? त्याने निमूटपणे 'एक्स्पर्ट' लावलं. वीस सेकंदांत गाणं बंद पडलं. पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करत होते आणि दारात उभी राहून आई हसत होती.

खेळाचं नाव 'रॉक बँड ४'. हार्मोनिक्स कंपनीने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये काढला, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी. भाचा दुबईत असतो. २०२४ च्या पावसाळ्यात तो महिनाभर आमच्याकडे गोव्यात कवळ्याला आला, तेव्हा जुनं प्लेस्टेशन, डिस्क, प्लास्टिकची गिटार आणि घडीचा ड्रमसेट असं सगळं बिऱ्हाड घेऊन आला आणि जाताना इथेच ठेवून गेला. गिटारला तारा नाहीत. मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि नारिंगी अशी पाच बटणं आणि छेडायला एक पट्टी. ड्रमला चार रंगांच्या थाळ्या आणि पायाखाली पेडल. पडद्यावर लांबून रंगीत ठिपके सरकत येतात. ते खालच्या रेषेवर पोचले की त्या रंगावर मारायचं. पेडलसाठी नारिंगी आडवी पट्टी येते. माझा पहिला महिना त्या पट्टीनेच खाल्ला. घुमटाला पायाचं काम नसतं ना! आमच्या पथकातल्या शामेळवाल्याला (शामेळ हे काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) एकदा बसवलं, तर दोन काठ्यांची सवय असलेला तो गडी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे गेला. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू.

डिस्कवर साठच्या वर गाणी आहेत, पण आम्हाला गोडी लागली ती दुकानातून उतरवून घ्यायच्या गाण्यांची. सुटं गाणं साधारण दोन डॉलर, म्हणजे तेव्हा पावणेदोनशे रुपयांच्या आत. २००७ मध्ये पहिला 'रॉक बँड' आला तेव्हापासून ही विक्री चालू होती. प्लेस्टेशन ३ वर घेतलेली बहुतेक गाणी ४ वर पुन्हा पैसे न मोजता मिळायची, त्यामुळे भाच्याच्या खात्यात आधीचीच तीसेक होती. द हू, रश, बॉस्टन, क्वीन ही सगळी जुनी रॉक मंडळी.

या खेळाची खरी करामत ठिपक्यांत नाही. तुम्ही चुकलात की तुमचं वाद्य गाण्यातून गप्प होतं. गिटारवाला चुकला तर गिटार जाते आणि बाकीचं वाजत राहतं. त्यासाठी मूळ रेकॉर्डिंगच्या वेगवेगळ्या पट्ट्या हाताशी लागतात: ड्रमची निराळी, गिटारची निराळी, आवाजाची निराळी. नव्या गाण्यांचं सोपं असतं, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या टेपा कुठल्या गोदामात पडल्या असतील कोण जाणे. द हूचा एक अख्खा आल्बम या खेळात यायचा होता. मूळ टेपा सापडल्या नाहीत म्हणून तो बेत बारगळला आणि २००८ च्या जुलैमध्ये त्याऐवजी त्यांची निवडक गाणी आली.

त्या निवडक गाण्यांतलं एक म्हणजे 'बाबा ओ'रायली'. हे नाव कुठून आलं ते भाच्याने सांगितलं आणि मी सर्द झालो. त्यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते. द हूचा गिटारवादक पीट टाउन्शेंड त्यांचा भक्त. नावाचा दुसरा अर्धा भाग टेरी रायली या अमेरिकी संगीतकाराचा.

हे गाणं ड्रमवर वाजवताना सुरुवातीला नुसतं बसून राहावं लागतं. ऑर्गनची ती गिरकी घेत राहणारी सुरावट चालू असते, मग पियानो येतो, आणि पडद्यावरची तुमची ठिपक्यांची पट्टी रिकामीच. काठ्या हातात धरून थांबायचं. ही सवय मात्र आम्हाला आहे. आरतीत पहिलं कडवं गायलं जात असताना घुमटावर हात ठेवून गप्प राहायचं आणि नेमक्या जागी सगळ्यांनी एकदम पडायचं. ड्रम येतात तेव्हा पहिला ठोका असा बसतो की टीव्हीशेजारचा नंदादीप हलतो. (त्या रात्रीच आईने ड्रमखाली दुहेरी गोधडी घातली. थाळ्या रबरी असल्या तरी आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जातो.) शेवटी व्हायोलिन येतं आणि लय चढत चढत जाते. ठिपके दाट होतात, सरकायचा वेग तोच, पण त्यांच्यातलं अंतर मिटत जातं. आमच्या आरतीत शेवटी कासाळंवाला (मोठ्या झांजा वाजवणारा) असाच चेकाळतो आणि घुमटवाल्यांना फरपटत नेतो. इथे तिसऱ्या आठवड्यात मी 'हार्ड'वर शेवट गाठला, पाच चांदण्या. 'एक्स्पर्ट'वर आजतागायत तीनच.

आणखी एक गोष्ट ड्रमवर बसल्याशिवाय कळत नाही. त्या काळातली बरीच गाणी कानात टिकटिक न लावता वाजवलेली आहेत. कोरसला मंडळी थोडी धावतात, कडव्याला मागे येतात. खेळ बनवणाऱ्यांनी ठिपके मशीनच्या तालावर न बसवता त्या माणसांच्या तालावर बसवलेत. म्हणून घड्याळासारखं वाजवणारा भाचा जुन्या गाण्यांत चुकतो आणि गायकाकडे कान ठेवून वाजवणारा मी वाचतो. मला हाच या खेळाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. आजकालची एकसुरी तालाची गाणी मी विकतच घेत नाही.

आता डोकेदुखी. पहिले चार दिवस सगळंच उशिरा वाजत होतं. मी मारतो आणि आवाज मागाहून येतो, जसा डोंगरापलीकडून ढोल ऐकू यावा. दोष खेळाचा नव्हता. हौसेने टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला होता आणि ब्लूटूथवरून आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. सिनेमा बघताना ते चालून जातं, इथे नाही. खेळात आवाज आणि चित्र जुळवायची सोय आहे, तीही करून पाहिली. ठिपके जुळले, पण स्वतःच्या काठीचा 'ठक्' आणि गाण्यातला ठोका यांत फट राहिलीच. शेवटी फोंड्याच्या बाजारातून एकशेवीस रुपयांची वायर आणली, टीव्ही चित्राचा उशीर कमी करणाऱ्या 'गेम मोड'वर टाकला, आणि सगळं जाग्यावर आलं.

दुसरी चूक शुद्ध माझी. भाचा परत गेल्यावर मी उत्साहाने अमेरिकेच्या पत्त्याचं खातं उघडून पाच गाणी घेतली. उतरली, पण खेळात दिसेनात. दोन रात्री डोकं फोडलं. फोनवर भाचा म्हणाला, "मामा, डिस्क युरोपची आहे. गाणी त्याच विभागाच्या दुकानातली लागतात." दहा डॉलर पाण्यात. डिस्क ज्या विभागाची, खातंही त्याच विभागाचं हवं, एवढं लक्षात ठेवा.

दादा मात्र वेगळ्याच कारणाने नाराज. ऐंशीच्या दशकात मडगावला कॉलेजात असताना त्याने कॅसेटी घासून घासून लेड झेपलिन ऐकलं, आणि त्यांचं एकही गाणं या खेळात कधी आलं नाही. पिंक फ्लॉइडचंही तेच. बीटल्सचा २००९ मध्ये स्वतंत्र खेळ निघाला, पण त्यातली गाणी इकडे आणता येत नाहीत. त्याची समजूत काढायला मी त्याला द हूच्याच 'द रिअल मी'मधली बास गिटार दिली. तीच प्लास्टिकची गिटार बासचा भागही वाजवते. तो 'मीडियम'वर दोनदा चुकला, बास गप्प झाला, आणि तो थांबूनच राहिला. "अरे, हे गाणं चाळीस वर्षं ऐकतोय मी," तो म्हणाला, "पण गाणं चालवतोय तो बास, हे आज कळलं." त्यानंतर त्याने गिटारचा भाग मागितलेला नाही.

आता घ्यायचं असेल तर घाई करा किंवा नादच सोडा. दर आठवड्याला नवी गाणी यायची ती २५ जानेवारी २०२४ ला थांबली. मूळ खेळातल्या गाण्यांचा दहा वर्षांचा परवाना संपला, तसा ऑक्टोबर २०२५ मध्ये खेळही ऑनलाइन दुकानातून उतरला. विकत घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला जुनी डिस्क शोधावी लागेल, आणि सुट्या गाण्यांचे परवानेही एकेक करून संपत जाणार. डिस्क प्लेस्टेशन ५ वरही चालते, फक्त ते डिस्कवालं हवं. जुना ड्रमसेट घेताना पेडल हाताने नाही, पायाने दाबून बघा. आमचं दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध तडकलं. शेजारच्या सुताराने खालून फणसाच्या लाकडाची पट्टी ठोकून दिली आणि पैसे घेतले नाहीत. एकदा वाजवायला द्या म्हणाला.

आई अजून ड्रमच्या आवाजाला कुरकुरते. पण संध्याकाळी दिवा लावून झाला की खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "ते बाबांचं गाणं आज वाजवणार की नाही?"