पद्मिनीचा गळका रेडिएटर: लीक-स्टॉप की डाख?

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाला कूलंटची गळती नवी नाही. पण उपाय निवडण्याआधी गळती कुठली ते पाहा. होजची क्लिप सैल असेल तर स्क्रूड्रायव्हर पुरतो. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब येत असतील तर सील गेलंय, तिथे डाख चालत नाही.

रेडिएटरच गळत असेल, तर लीक-स्टॉप (कूलंटमध्ये ओतायचं गळती बुजवणारं मिश्रण) स्वस्त आणि सोपं: बाटली ओतायची, इंजिन चालवायचं, बारीक छिद्र बुजतं. हायवेवर अडकलात तर जरूर वापरा. पण त्यातले कण फक्त छिद्रापाशी थांबत नाहीत. जुन्या गाडीच्या नळ्यांत आधीच क्षार साचलेले असतात. त्यात ही भर पडली की घाटात गाडी तापलीच म्हणून समजा. (गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणाऱ्यांचंही तेच होतं.)

डाख द्यायला रेडिएटर उतरवावा लागतो, गाडी उभी राहते. मात्र तो तांब्या-पितळेचा असल्याने टाकी उघडून नळ्या साफ करता येतात, डाख पक्का बसतो, आणि हवा भरून पाण्यात बुडवून तपासता येतो. ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या आजच्या रेडिएटरला असा डाख देण्याची सोय नाही. म्हणून माझं मत ठामपणे डाखाच्या बाजूने. नळ्याच कुजल्या असतील, तर मात्र कोअर (रेडिएटरमधला नळ्यांचा संच) बदला.