ॲप्ट, ॲप्ट-फाइल आणि ॲप्टिट्यूड : अडलेली डिपेंडन्सी सोडवायला कोण किती कामाचे

डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींवर एखादे सॉफ्टवेअर 'अनमेट डिपेंडन्सीज' (त्याला लागणारी इतर पॅकेजे जुळली नाहीत) म्हणून अडले की बरेच जण पुढच्या ओळी वाचतच नाहीत. कुठूनतरी 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' उचलतात, चिकटवतात आणि एंटर मारतात. कधी काम होते, कधी नको ते काढले जाते. इथे परीक्षण आहे ते डेबियन १३ सोबत ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ॲप्ट ३.० चे (ॲप्ट म्हणजे तिथे पॅकेजे, म्हणजेच सॉफ्टवेअर, बसवणारे साधन) आणि त्याच्या जोडीला लागणाऱ्या ॲप्ट-फाइल व ॲप्टिट्यूड या दोन साधनांचे. मत आधीच सांगून टाकतो : ॲप्ट अत्यंत भक्कम आहे, पण काय अडले ते सांगण्याची त्याची पद्धत त्या ताकदीला शोभत नाही. ती भाषा एकदा कळली की दहातल्या आठ अडचणी बाहेरच्या मदतीशिवाय सुटतात. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

तर आधी ती भाषा. 'डिपेंड्स' या शब्दानंतर लायब्ररीचे (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या पॅकेजचे) नाव येते आणि त्यापुढचे चार शब्द सगळा निकाल सांगतात. तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे औषध वेगळे.

पहिला, 'बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल'. म्हणजे त्या नावाचे घेण्याजोगे पॅकेज तुमच्या यादीतल्या कोणत्याही रेपोमध्ये (पॅकेजे जिथून उतरतात त्या साठ्यात) नाही. 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचे नाव असे द्या. 'कॅन्डिडेट' (बसवता येईल ते व्हर्जन) समोर 'नन' दिसले, किंवा काहीच आले नाही, तर खात्री झाली. कारणे मोजकीच असतात : 'ॲप्ट अपडेट' केलेले नाही, उबंटूवर 'युनिव्हर्स' विभाग बंद आहे, डेबियनवर 'कॉन्ट्रिब' किंवा 'नॉन-फ्री' लिहिलेले नाही, किंवा पॅकेजचे नावच बदलले आहे. इथे 'फिक्स-ब्रोकन' कितीही वेळा चालवा, जे रेपोत नाही ते ॲप्ट आणणार कुठून?

दुसरा, 'बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड'. पॅकेज आहे, पण ते घेतले तर आणखी कशाशी तरी भांडण होते. हा संदेश सर्वांत त्रासदायक, कारण खरे भांडण एक-दोन पायऱ्या खाली असते आणि जुना ॲप्ट फक्त वरची पायरी दाखवतो. उपाय हाताने करायचा : जे 'घेतले जाणार नाही' म्हटले आहे, तेच पॅकेज 'ॲप्ट इन्स्टॉल -एस' ने मागून बघा. '-एस' म्हणजे नुसते सोंग, प्रत्यक्षात काही बदलत नाही. पुढचे नाव मिळेल, मग ते मागा. तिसऱ्या-चौथ्या नावाला मूळ सापडते. सोबत 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' बघाच. कधीकाळी कुणीतरी एखादे पॅकेज होल्डवर, म्हणजे आहे त्याच व्हर्जनवर रोखून, टाकून विसरून गेलेले असते आणि सगळी साखळी तिथेच अडकते.

तिसरा, 'बट' नंतर एक व्हर्जन क्रमांक आणि 'इज टू बी इन्स्टॉल्ड'. लायब्ररी आहे, व्हर्जन जुळत नाही. नावाच्या शेवटी '-डेव्ह' असलेल्या पॅकेजांत हे हमखास होते, कारण त्यांना आपली लायब्ररी अगदी त्याच व्हर्जनची लागते. समजा लिबएसएसएल३ (एनक्रिप्शनची लायब्ररी) सुरक्षा-अपडेटमधून पुढे गेली आणि नंतर सोर्सेसच्या, म्हणजे रेपोंच्या यादीच्या, फाइलमधून सिक्युरिटीची ओळ कुणी काढली. आता लिबएसएसएल-डेव्ह जुन्या व्हर्जनचीच दिसते आणि ती नव्या लायब्ररीसोबत बसत नाही. 'ॲप्ट पॉलिसी'त बसवलेल्या व्हर्जनखाली फक्त १०० आणि '/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' एवढीच ओळ असेल, तर ते व्हर्जन आता कोणत्याच रेपोत नाही, अनाथ आहे. सिक्युरिटीची ओळ परत घाला, अपडेट करा, प्रश्न संपतो. अनाथ व्हर्जन काढून टाकलेल्या पीपीएतून (उबंटूसाठी कुणी वेगळा चालवलेला रेपो) आलेले असेल तर मात्र ॲप्ट आपणहून मागे येत नाही. रेपोला १००० किंवा जास्त प्राधान्य दिल्याशिवाय तो जुन्या व्हर्जनवर जात नाही. पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह आणि हवे ते व्हर्जन लिहून ते मागावे लागते. पीपीए अजून यादीत असेल तर 'पीपीए-पर्ज' हे काम नीट करते.

आता बाहेरून डाउनलोड केलेल्या डेब फाइलबद्दल, म्हणजे एकट्या पॅकेजच्या फाइलबद्दल. 'डीपीकेजी -आय' ही सवय सोडायलाच हवी. डीपीकेजी, म्हणजे ॲप्टच्या खाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारे साधन, डिपेंडन्सी आणत नाही. तो फाइल उघडून ठेवतो आणि पॅकेज अर्धवट टाकतो. 'डीपीकेजी -एल' मध्ये समोर 'आययू' दिसते ते हेच. त्यानंतर 'फिक्स-ब्रोकन' चालवले की ॲप्टसमोर दोन रस्ते असतात : हवे ते आणणे, किंवा ते अर्धवट पॅकेजच काढून टाकणे. दुसरा रस्ता घेतला की लोकांना वाटते ॲप्टने फसवले. त्याऐवजी 'ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे डॉट, स्लॅश आणि फाइलचे नाव द्या. डॉट-स्लॅश विसरलात तर ॲप्ट त्या नावाचे पॅकेज रेपोत शोधत बसतो. शेवटी 'डाउनलोड इज परफॉर्म्ड अनसँडबॉक्स्ड ॲज रूट' अशी सूचना येते, तिने घाबरू नका. ॲप्टच्या मर्यादित हक्कांच्या वापरकर्त्याला तुमच्या होम फोल्डरमधली फाइल वाचता आली नाही, एवढाच तिचा अर्थ.

आता नाव बदलण्याचे प्रकरण, कारण सध्या सर्वांत जास्त लोक इथेच अडतात. ३२ बिटचा वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. तो ६४ बिटचा करताना उबंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये शेकडो लायब्ररींच्या नावाला 'टी६४' चिकटले. लिबअसाउंड२ झाली लिबअसाउंड२टी६४, लिबजीटीके-३-० झाली लिबजीटीके-३-०टी६४. बायनरी सुसंगती (आधीच तयार झालेले प्रोग्रॅम लायब्ररीशी जुळणे) खरी बदलली ती आर्मएचएफसारख्या ३२ बिट यंत्रांवर. नेहमीच्या ६४ बिट पीसीवर आत काहीच फरक नाही, म्हणून नवे पॅकेज जुन्या नावाचीही हमी देते. याचा परिणाम असा : जुन्या नावावर अवलंबून असलेली डेब फाइल ॲप्टने टाकली तर बहुधा चालते, पण एखाद्या स्क्रिप्टमध्ये 'ॲप्ट इन्स्टॉल लिबअसाउंड२' असेल तर उबंटू २४.०४ वर ती थांबते. संदेश येतो की हे आभासी पॅकेज आहे, लिबअसाउंड२टी६४ आणि लिबओएसएस४-साल्सा-असाउंड२ ते पुरवतात, एक निवडा. निवडायचे टी६४ वालेच. दुसरे ओएसएस या वेगळ्या ध्वनिप्रणालीसाठी आहे, ते घेतले तर आवाजावर चालणारे प्रोग्रॅम बिघडू शकतात. ॲप्टने इथे दोन्ही नावे सांगितली हे चांगले केले, कोणते नेहमीचे ते सांगितले असते तर अधिक चांगले.

लिबएसएसएल१.१ ची गोष्ट वेगळी आहे. ते नाव बदललेले नाही, ती लायब्ररीच गेली. ती ज्यातून येते त्या ओपनएसएसएल १.१.१ चा खुला पाठिंबा सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. उबंटू २२.०४ आणि डेबियन १२ पासून ओपनएसएसएलची तिसरी मालिका आहे आणि दोन्हींची बायनरी सुसंगती नाही. जुन्या रेपोतून १.१ ची डेब फाइल आणून टाकता येते, दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात, प्रोग्रॅम चालतोही. पण तिला पुढचे सुरक्षा-अपडेट तुमच्या सिस्टिमकडून कधीच मिळणार नाही. इंटरनेटला तोंड असलेल्या सर्व्हरवर हे करू नका. त्या प्रोग्रॅमचे नवे व्हर्जन मिळवा, किंवा तो जुन्या आवृत्तीच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) चालवा. आणि लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ च्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाने त्याच फाइलकडे नेणारा दुवा) करण्याचा सल्ला दिसला तर तो सरळ दुर्लक्षित करा, प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळेल.

ॲप्ट-फाइल

या तिघांत सर्वांत कमी माहीत असलेले आणि सर्वांत जास्त उपयोगी साधन हेच. पॅकेजचे नाव माहीत असते तेव्हा ॲप्ट पुरतो. पण पायथॉनमध्ये ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) घेतल्यावर 'लिबजीएल.एसओ.१ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' आले तर? पिप (पायथॉनची पॅकेजे आणणारे साधन) लिनक्सच्या लायब्ररी आणत नाही आणि ॲप्टला पिपने काय टाकले ते ठाऊक नसते. 'ॲप्ट इन्स्टॉल ॲप्ट-फाइल' करा, मग एकदा 'ॲप्ट अपडेट', म्हणजे फाइलींच्या याद्या उतरतात. त्या मोठ्या असतात, मोबाइल डेटावर असाल तर लक्षात ठेवा. मग 'ॲप्ट-फाइल सर्च' आणि फाइलचे नाव. अक्षरे लहान-मोठी जशी एररमध्ये असतील तशीच हवीत. यादी लांबली तर '-एक्स' देऊन नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लावा, नेमकी फाइल मिळते. उत्तर येते लिबजीएल१. जुन्या लेखांत लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स असे नाव सापडेल, ते उबंटू २४.०४ मध्ये राहिलेले नाही.

कोणकोणत्या लायब्ररी नाहीत ते एकदम बघायचे तर प्रोग्रॅमवर 'एलडीडी' चालवा आणि 'नॉट फाउंड' असलेल्या ओळी गाळून घ्या. फाइल विश्वासातली नसेल तर एलडीडी नको, कारण काही वेळा त्यात तो प्रोग्रॅमच चालवला जाऊ शकतो. 'ऑब्जडम्प -पी' मधल्या 'नीडेड' ओळी सुरक्षित. चालू झाल्यानंतर मागून उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी मात्र दोन्हीकडे दिसत नाहीत. ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये बांधलेला प्रोग्रॅम) चालवताना येणारी लिबफ्यूज.एसओ.२ ची एरर याच जातीची. उबंटू २२.०४ वर त्यासाठी लिबफ्यूज२ आणि २४.०४ वर लिबफ्यूज२टी६४ घ्या. २२.०४ वर नुसते 'फ्यूज' नावाचे पॅकेज घेऊ नका, ते फ्यूज३ ला हटवते आणि त्यावर टेकलेले डेस्कटॉपचे भागही सोबत जातात.

ॲप्टिट्यूड

हे मुळात सोबत येत नाही, वेगळे घ्यावे लागते. ॲप्ट एकच उत्तर देतो किंवा हात वर करतो. ॲप्टिट्यूड एकामागून एक पर्याय मांडतो. पहिला पर्याय पुष्कळदा 'काहीच बदलू नका' असा असतो, तो स्वीकारून लोक निराश होतात. 'एन' दाबा, पुढचा येतो. एखाद्या लायब्ररीचे जुने व्हर्जन घेऊन मार्ग निघत असेल तर तेही तो सुचवतो, म्हणून अनाथ व्हर्जनांच्या गुंत्यात त्याचा खरा कस लागतो. 'ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट' हे कारण विचारायला उत्तम. ६४ आणि ३२ बिट दोन्ही पॅकेजे असलेल्या मशिनवर मात्र त्याचे पर्याय लांबत जातात, आणि घाईत 'वाय' दाबणाऱ्याच्या हाती तो देऊ नये.

त्या ३२ बिटच्या गुंत्याचे कारण समजून घ्या. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे) किंवा स्टीमसाठी (गेमसाठीचे) 'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६' केले की एकाच लायब्ररीची दोन्ही रूपे लागतात, आणि दोन्हींचे व्हर्जन तंतोतंत सारखे असावे लागते. एखाद्या बाहेरच्या रेपोने फक्त ६४ बिटचे रूप पुढे नेले की ३२ बिटचे बसूच शकत नाही. २०२१ मध्ये पॉप ओएसवर स्टीम टाकताना डेस्कटॉपच काढला गेल्याचा व्हिडिओ जगभर गाजला, तो अशाच न जुळलेल्या पॅकेजांमुळे. ॲप्टने तेव्हा स्पष्ट इशारा दिला होता, पण एक वाक्य टाइप केले की तो पुढे जात असे. नंतर ती सोय काढली गेली. आता अत्यावश्यक पॅकेज हटवायला '--अलाउ-रिमूव्ह-इसेन्शियल' मुद्दाम लिहावे लागते. हा बदल योग्यच. तरीही 'रिमूव्हिंग' खालची यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. ॲप्ट ३.० ती लाल रंगात आणि वेगळ्या स्तंभांत दाखवतो, त्यामुळे नजर आपोआप तिथे जाते.

३.० मधली खरी नवी गोष्ट म्हणजे नवा सॉल्व्हर, कोणती पॅकेजे घ्यायची-काढायची ते ठरवणारा भाग. जुना गुण देऊन पुढे जात असे, चुकीच्या फांदीवर गेला तर मागे फिरत नसे. नवा मागे फिरून दुसरी वाट तपासतो आणि प्रत्येक निर्णयाचे कारण लक्षात ठेवतो. डेबियन १३ वर कमांडमध्ये '--सॉल्व्हर ३.०' लिहून तो वापरता येतो. जमले नाही तर तो परस्परविरोधी दोन निर्णय आणि त्यांच्यामागची साखळी क्रमाने छापतो, म्हणजे वर सांगितलेली '-एस' ची हातमेहनत वाचते. उबंटू २५.१० मधल्या ३.१ मध्ये तो आपोआप वापरला जातो, शिवाय 'ॲप्ट व्हाय' आणि 'ॲप्ट व्हाय-नॉट' आले आहेत. इतक्या वर्षांची उणीव भरून निघते आहे आणि याचा मनापासून आनंद आहे. हे गाळ काढण्याचे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण रोज लाखो मशिनना लागते.

मध्येच वीज गेली, इन्स्टॉल अर्धवट राहिले, तर आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'फिक्स-ब्रोकन', याच क्रमाने. लॉक-फ्रंटएंडची एरर आली तर ती फाइल पुसू नका. मागे अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सेवा) चालू असते, काही मिनिटे थांबा. '--फोर्स-डिपेंड्स' ने तात्पुरते सुटल्यासारखे वाटते, पण त्यानंतरच्या प्रत्येक इन्स्टॉलला ॲप्ट हटून बसतो.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांचे ऐकून तुलना करायची तर तिथला 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' फाइलवरून पॅकेज शोधण्याचे काम वेगळे काही न घेता करतो. या एका बाबतीत तो पुढे आहे. ॲप्ट-फाइल डेबियनमध्ये पहिल्यापासून सोबत का येत नाही, हे आम्हाला पटलेले नाही.

एक उणीव अशी आहे जी या तिघांपैकी कुणालाच दिसत नाही. मराठी पानांवर टेसरॅक्ट (चित्रातला मजकूर ओळखणारे साधन) चालवायला जा. 'टेसरॅक्ट-ओसीआर' घेतले की सोबत इंग्रजी आणि पानाची दिशा ओळखणारा डेटा येतो, ॲप्टच्या दृष्टीने सगळ्या डिपेंडन्सी पूर्ण. मग 'एमएआर.ट्रेनडडेटा' उघडता येत नाही अशी एरर. त्यासाठी 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' वेगळे मागावे लागते, आणि हे नाव शोधायलाही ॲप्ट-फाइलमध्ये एररमधले फाइलचे नाव टाकणे पुरते.