'अर्थ एंजल'ची सात इंची रेकॉर्ड: सहा महिने वाजवल्यावर

द पेंग्विन्स या 1950च्या दशकातल्या अमेरिकी गायक-गटाचं हे गाणं ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच लिहितोय. मूळ कंपनी डूटोनची जुनी प्रत नव्हे, मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डचं अलीकडचं पुनर्मुद्रण.

आधी भोकाचं बोलू. अमेरिकी पद्धतीचं 38 मिलिमीटरचं भोक आणि प्लेअरची दांडी जेमतेम 7 मिलिमीटरची. मधे अडॅप्टर लागतो, आणि प्लेअरसोबत फुकट येणारा प्लास्टिकचा अडॅप्टर हमखास सैल निघतो. रेकॉर्ड एक मिलिमीटर सरकली तरी बाहेरच्या खाचांत सूर सव्वा टक्का वर-खाली होतो, आतल्या खाचांत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. दर 1.33 सेकंदाला एक हेलकावा. ढोल-गिटारच्या धांगडधिंग्यात हे खपून जातं. इथे सुरुवातच गटातल्या कर्टिस विल्यम्सच्या पियानोने होते, त्यामुळे पहिल्याच सुरांना लाटा ऐकू येतात. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, डावी-उजवीकडे डुलतोय का बघा. डुलत असेल तर अडॅप्टरच्या कडेला सेलोटेपचा एक वेढा द्या, नाही पुरला तर दुसरा. भोकच मध्यापासून सरकून पाडलेलं असेल तर टेप एकाच बाजूला. नवा धातूचा अडॅप्टर घ्यायची गरज नाही.

माझी दुसरी तक्रार ड्रमची होती. दबका, गोधडीत गुंडाळल्यासारखा. रेकॉर्डची छपाई (प्रेसिंग) खराब म्हणून एक गुण कापलाही होता, तो परत देतोय. लॉस एंजेलिसमधल्या टेड ब्रिन्सनच्या गॅरेजमध्ये हे गाणं डेमो, म्हणजे कच्चा नमुना, म्हणून ध्वनिमुद्रित झालं, आणि गायकांचे आवाज बुडू नयेत म्हणून ड्रमवर खरोखरच उशा टाकल्या होत्या. शेजारचा कुत्रा भुंकला की टेक पुन्हा. डूटोनचा मालक डूट्सी विल्यम्सला त्यावर नंतर आणखी वाद्यं चढवायची होती, पण रेडिओवर मागणी एवढी वाढली की 1954 मध्ये कच्चाच डेमो बाजारात गेला. तेव्हा ट्रेबल (वरच्या पट्टीचे सूर) वाढवून हा ड्रम 'सुधारू' नका. मुख्य गायक क्लीव्ह डंकनचा आवाज तेवढा कर्कश होतो.

जाहिरातीतल्या 'स्टिरिओ'वर मात्र राग कायम आहे. मूळ मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. स्टिरिओ म्हणून विकतात ते खर्ज एका कानात, बाकीचं दुसऱ्या कानात टाकलेलं सोंग. ॲम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबून ठेवा. धुळीचा खरखराटही कमी होतो, कारण मोनो खाचेत सुई फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीतला आवाज सगळा कचराच.

कव्हरवरच्या मजकुराला मात्र कमी गुण. पॉप यादीत हे गाणं आठवं, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीयांच्या संगीताची) यादीत पहिलं. क्रू-कट्स या गोऱ्या गटाने केलेली नक्कल पॉपमध्ये तिसरी. ही नक्कल मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीची. मग मॅनेजर बक रॅमने पेंग्विन्सना त्याच मर्क्युरीत नेलं, अट एकच: सोबत माझा दुसरा गट, प्लॅटर्सही घ्या. प्लॅटर्सचं 'ओन्ली यू' 1955 मध्ये गाजलं, पेंग्विन्सना पॉप यादीत पुन्हा जागा मिळाली नाही. यातलं कव्हरवर काही नाही. सिगारेटच्या जाहिरातीतल्या पेंग्विनवरून नाव घेतलं, एवढंच छापलंय.

दुसरी बाजू, 'हे सेन्योरिटा', सहा महिन्यांत दोनदा लावली. डूटोनचा भरवसा तिच्यावरच होता म्हणे.