मुलासोबत बघायचा कोणता: ‘पिंक’ की ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’?

भाचा यंदा बारावीला आहे, वय १७. वहिनी म्हणाली, “त्याच्याशी मुलींची संमती, त्यांचा नकार या विषयावर बोलायचं म्हटलं की माझी जीभच रेटत नाही. एखादा सिनेमा सांगा, बसून बघतो आणि मग बोलतो.” माझ्या मनात दोन नावं आली. कुठला कधी आणि कुणासोबत बघायचा, हे ठरवताना दोन्ही पुन्हा पाहिले.

‘पिंक’ २०१६चा, यूए प्रमाणपत्राचा. दिल्लीत एकत्र राहणाऱ्या तीन मुली, सूरजकुंडची एक रात्र, एका मुलाच्या डोक्यात बसलेली बाटली आणि उलटा मुलींवरच खटला. ‘ना’ म्हणजे ना, एवढं तर सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण मुलासोबत बसणार असाल तर त्या तिघींपैकी फलकच्या साक्षीकडे जास्त लक्ष द्या. मुलींनी शरीरसंबंधांसाठी पैसे घेतले, या आरोपावरून होणारा प्रश्नांचा भडिमार सहन न होऊन ती ओरडते की हो, घेतले पैसे. आणि पुढे विचारते, त्यानंतर मीनलने (बाटली मारणारी तिची मैत्रीण) नाही म्हटलं, त्याचं काय? पैसे घेतल्याची गोष्ट खरी मानली तरी नकार नकारच राहतो. सोबत पार्टीला आली, प्यायली, हसून बोलली, मग आता कसली नाही म्हणते, असा हिशेब पोरं मनाशी मांडतात. तो हिशेब इथे मुळातून मोडतो.

मला खटकतं ते वेगळंच. मीनलला तिचाच वकील, म्हणजे अमिताभ बच्चन, भर कोर्टात कौमार्याबद्दल विचारतो. ती सांगते, पहिल्यांदा १९व्या वर्षी, स्वतःच्या मर्जीनं. तिच्या इच्छेबद्दल सिनेमात जे काही आहे ते एवढंच, आणि तेही साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून. शेवटी बाईच्या नकाराचा अर्थ जगाला समजावून सांगतात ते अमिताभ बच्चन. मुलाला हेही सांगा, की लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बाईचा पूर्वीचा अनुभव संमतीच्या मुद्द्यावर गैरलागू आहे. २०१३च्या दुरुस्तीनं कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं गेलं.

‘लिपस्टिक’ मला जास्त जवळचा. अलंकृता श्रीवास्तव यांचा हा सिनेमा भोपाळमध्ये घडतो, चार बायकांचा. २०१७च्या सुरुवातीला सेन्सॉर मंडळानं प्रमाणपत्रच नाकारलं. कारणांत एक होतं, गोष्ट ‘लेडी ओरिएंटेड’ आहे. पुढे अपील न्यायाधिकरणानं ए प्रमाणपत्र दिलं आणि जुलैत तो लागला. रत्ना पाठक शाह यांची बुआजी ५५ वर्षांची विधवा. सगळा मोहल्ला तिला बुआजी, म्हणजे आत्याबाई, म्हणतो, इतका की पोहण्याच्या क्लासात नाव विचारल्यावर ती क्षणभर अडखळते आणि मग सांगते, उषा. बाईला इच्छा असते हे मान्य करण्याआधी तिला तिचं नाव परत द्यावं लागतं. त्या एका थांबण्यात हे सगळं आलं.

आणि त्या चौघींतली शिरीन. कोंकणा सेन शर्माचा तिथला चेहरा विसरता येत नाही. नवरा तिला न विचारता जवळ ओढतो, निरोध वापरत नाही, गोळ्या आणि गर्भपात तिच्या वाट्याला. ‘पिंक’मधला गुन्हेगार बाहेरचा आहे, त्याला कोर्टात खेचता येतं. शिरीनचा घरातच आहे. पत्नी १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती आपल्या कायद्यात आजही बलात्कार ठरत नाही. २०२४ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद कायम आहे. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी हा सिनेमा एकत्र बघावा, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत काही नाही का, असंही वहिनीनं विचारलं. आहे की, १९७७चा ‘जैत रे जैत’. स्मिता पाटीलची चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि नाग्याला स्वतः निवडते, कुणाची परवानगी न मागता. तो घरात सगळ्यांसोबत बघता येईल.

तर वहिनीला सांगितलं, भाच्यासोबत आत्ता ‘पिंक’. ‘लिपस्टिक’ प्रौढांसाठीचा आहे, तो त्याला १८ झाल्यावर. तोवर तुम्ही आणि दादा दोघं बघा. ‘पिंक’मध्ये त्या रात्री खोलीत नेमकं काय घडलं ते निकाल लागून गेल्यावर, श्रेयनामावलीसोबत दाखवलंय. तिथे पोचण्याआधी सिनेमा थांबवा आणि त्याला विचारा, तुझा विश्वास कुणावर बसला, आणि कशामुळे? त्याचं सगळं सांगून झालं की मग पुढचं लावा.