बिल क्रमांक कंटेनरला कुठून कळणार? डेस्कटॉप अ‍ॅपमधले पर्याय

म्हापशातल्या एका काजूच्या दुकानाला डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टची विंडोज डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची चौकट) बिलिंग करून दिलंय. डिपेंडन्सी इंजेक्शनला, म्हणजे क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून पुरवायला, मायक्रोसॉफ्टचाच कंटेनर. रिपॉझिटरी (डेटा वाचणारा-साठवणारा क्लास), लॉगर, प्रिंटर हे अ‍ॅप सुरू होतानाच ठरलेलं असतं, ते तो बिनतक्रार पुरवतो. पण बिलाची विंडो उघडायला बिल क्रमांक लागतो, आणि तो काउंटरवरच्या पोराने आत्ता यादीत डबल-क्लिक करून निवडलेला असतो.

मी आधी सोपा मार्ग धरला. ‘चालूबिल’ नावाचा सिंगलटन (अख्ख्या अ‍ॅपमध्ये एकच ऑब्जेक्ट) केला, क्रमांक त्यात ठेवला, हवा तिथे वाचला. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. एक गिऱ्हाईक अजून एक पाकीट आणायला वळलं, तेवढ्यात पोराने दुसऱ्याचं बिल उघडलं. पहिला परत आला, पहिल्या विंडोतून प्रिंट दिली आणि हातात आलं दुसऱ्याचं बिल. दुकानाच्या भाईंनी मला फोनवर काय ऐकवलं ते इथे नको.

सिंगलटन सरसकट वाईट नाही. लॉगिन केलेला माणूस, काउंटर नंबर यांना तो चालतो, कारण एका अ‍ॅपमध्ये ते एका वेळी एकच. फक्त कन्स्ट्रक्टरमध्ये नाव कॉपी करून ठेवू नका. पाळी बदलली तरी बिलावर आधीच्याच कॅशियरचं नाव येत राहतं.

विंडोगणिक बदलणाऱ्या माहितीसाठी माझं मत हाताने लिहिलेल्या फॅक्टरीला, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या क्लासला. सेवा तिला कंटेनरकडून मिळतात, बिल क्रमांक आपण देतो. दरवेळी एक जास्तीचा क्लास लिहावा लागतो, कंटाळा येतो. पण पॅरामीटर राहिला किंवा त्याचा टाइप चुकला तर कंपायलरच अडवतो.

‘अ‍ॅक्टिव्हेटरयुटिलिटीज’ (मायक्रोसॉफ्टच्या कंटेनरबरोबर येणारा तयार मदतनीस) वापरलं तर तो क्लास वाचतो. मात्र ते आपली आर्ग्युमेंट्स टाइप बघून जुळवतं. ग्राहकाचं नाव आणि पावती क्रमांक, दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. क्रम उलटा झाला तर एरर नाही, थेट चुकीचं बिल. ऑटोफॅक या दुसऱ्या कंटेनरमध्ये कन्स्ट्रक्टरला ‘फंक’ (फंक्शनचा तयार टाइप) मागितला की फॅक्टरी आयती मिळते. तिथे एकाच टाइपचे दोन पॅरामीटर असले तर फंक चालत नाही, स्वतःचा डेलिगेट (पॅरामीटरना नावं असलेला फंक्शनचा टाइप) लिहावा लागतो.

माहिती एकाच कामापुरती असेल तर यातलं काहीच नको, मेथडलाच द्या: प्रिंटरला ‘हे बिल छाप’ म्हणायचं. व्ह्यूमॉडेलला (विंडोमागचा डेटा सांभाळणारा क्लास) मागाहून ‘इनिशिअलाइझ’ करणं मात्र मी टाळतो. ते कॉल करायला कोणी विसरलं की ऑब्जेक्ट अर्धवट.

२०२३ मध्ये डॉटनेट ८ बरोबर आलेल्या कीड सर्व्हिसेस (एकाच सेवेचे प्रकार ठरलेल्या नावाने मागायची सोय) थर्मल प्रिंटर की ए-फोर, अशा आधीच ठरलेल्या निवडीसाठी. बिल क्रमांकाशी त्यांचा संबंध नाही.

आणि स्कोप, म्हणजे एका कामापुरत्या ऑब्जेक्ट्सचा गट. वेबमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला तो आयता मिळतो, डेस्कटॉपवर आपणच बनवायचा. डिस्पोज होणाऱ्या (काम संपल्यावर मोकळ्या कराव्या लागणाऱ्या) ट्रान्झियंट (दरवेळी नव्या बनणाऱ्या) वस्तू थेट मूळ कंटेनरकडून घेतल्या, तर अ‍ॅप बंद होईपर्यंत तो त्या धरून बसतो. काजूवाल्यांचं अ‍ॅप सकाळी उघडतं ते रात्रीच मिटतं. म्हणून तिथे आता फॅक्टरी दर बिलाला नवा स्कोप उघडते, आणि विंडो बंद झाली की तो डिस्पोज होतो.