पीएस प्लसची वर्गणी: कुणी भरावी, किती भरावी आणि कधी थांबावं

सोनीच्या प्लेस्टेशन या गेम कन्सोलवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लसची (प्लेस्टेशन प्लसची) वर्गणी भरावीच लागते. गेमचे चार-पाच हजार वेगळे, इंटरनेटचं बिल वेगळं, आणि वर ही वर्गणी. एसेन्शियल (सगळ्यात स्वस्त) आणि एक्स्ट्रा (त्याच्या वरचा, गेमच्या मोठ्या कॅटलॉगसह) हे दोन्ही प्लॅन महिनोन् महिने वापरल्यावर झालेलं मत आधीच सांगतो. एसेन्शियल काही ठरावीक खेळाडूंसाठी पैसा वसूल आहे, एक्स्ट्रा वर्षभरासाठी घेण्याची बहुतेकांना गरज नाही, आणि भारतात मिळणारा सगळ्यात महाग डिलक्स घेऊ नये.

पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: तुम्ही खेळता ते गेम फुकटातले आहेत की विकतचे? फोर्टनाइट, एपेक्स लेजंड्स, वॉरझोन, रॉकेट लीग, ईफुटबॉल, गेन्शिन इम्पॅक्ट या फुकट गेमना प्लेस्टेशनवर प्लस लागत नाही. घरातला मुलगा दिवसभर फोर्टनाइटच खेळत असेल तर त्याच्यासाठी भरलेली वर्गणी निव्वळ वाया जाते, आणि असं अनेक घरांत होतं. कन्सोल घेताना दुकानदार 'प्लस लागेलच' म्हणून कार्डही गळ्यात मारतो. ते त्या दिवशी घेऊ नका. ईए एफसी, ग्रँड टुरिस्मो ७ मधला स्पोर्ट मोड, जीटीए ऑनलाइन, हेलडायव्हर्स २, टेकन ८, स्ट्रीट फायटर ६, कॉल ऑफ ड्यूटीचा विकतचा मल्टिप्लेअर हे मात्र प्लसशिवाय ऑनलाइन चालत नाहीत. एकाच टीव्हीसमोर दोन कंट्रोलर घेऊन एफसी किंवा टेकन खेळायला वर्गणी लागत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं.

आता आकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये सोनीने बारा महिन्यांचे दर वाढवले. भारतात एसेन्शियल २९९९ वरून ३९४९ रुपये, एक्स्ट्रा ४९९९ वरून ६६९९ आणि डिलक्स ५७४९ वरून ७५८९ रुपये झालं. एसेन्शियलचा एक महिना ४९९ ला आणि तीन महिने ११९९ ला होते. हिशेब करताना हे आकडे नमुन्यादाखल धरा आणि स्टोअरवर आज दिसतो तो दर त्यांच्या जागी घाला. गणित तेच राहतं. दर महिन्याला ४९९ भरत राहिलात तर वर्षाला ५९८८ जातात. तीन-तीन महिन्यांनी भरलं तर ४७९६. एकदम वर्षाचं घेतलं तर महिन्याला साधारण ३२९ पडतात. म्हणजे वर्षात नऊ महिन्यांपेक्षा जास्त काळ ऑनलाइन खेळणार असाल तरच वर्षाचा प्लॅन फायद्याचा आहे. दहावी-बारावीची मुलं जानेवारी ते मार्च कन्सोलला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी सुट्टीपुरते तीन महिने घेणं शहाणपणाचं.

वर्षाचा प्लॅन पूर्ण किमतीला कधीच घेऊ नका. मे-जूनच्या सुमाराला 'डेज ऑफ प्ले' आणि नोव्हेंबरच्या शेवटी 'ब्लॅक फ्रायडे' या दोन सेलमध्ये बारा महिन्यांच्या प्लॅनवर सहसा चांगली सूट मिळते. पण सूट कुणाला, याची अट दर वेळी बदलते. कधी ती फक्त नव्या किंवा मुदत संपलेल्या सदस्यांना असते, कधी वरच्या प्लॅनवर जाणाऱ्यांना. म्हणून मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपेल असं बघावं. अट नव्या किंवा मुदत संपलेल्या सदस्यांची असली तर मग आपण तिच्यात बसतो.

या पैशात मिळतं काय? इथे मोठा गैरसमज आहे. वर्गणी भरली की लॅग (बटण दाबणं आणि पडद्यावर घडणं यातला उशीर, अडखळणं) कमी होतो, असं समजून अनेक जण भरतात. तसं काही होत नाही. बहुतेक गेमचे सर्व्हर ते गेम काढणारी कंपनी चालवते, आणि बऱ्याच गेममध्ये सर्व्हर नावापुरताच असतो. जीटीए ऑनलाइन आणि एल्डन रिंगमध्ये खेळाडूंचे कन्सोल थेट एकमेकांशी जोडले जातात. स्ट्रीट फायटर ६ मधला सामनाही दोन खेळाडूंच्या जोडणीवर चालतो. समोरचा दुबईत असेल आणि त्याचं वाय-फाय खराब असेल, तर तुमची वर्गणी तिथे काही करू शकत नाही. पीएस३ वर ऑनलाइन खेळणं फुकटच होतं. २०१३ मध्ये पीएस४ आला तेव्हा प्लस सक्तीचं झालं. पीसीवर तर आजही ही फी नाही. हेलडायव्हर्स २ मध्ये पीसीवरचा मित्र तुमच्याच टीममध्ये, त्याच मोहिमेत, वर्गणीचा एक रुपयाही न भरता खेळतो. ही वर्गणी म्हणजे दारावरचं तिकीट आहे. ती भरताना निदान ही जाणीव असावी.

पाच वर्षांचा हिशेब केला की बोजा कळतो. ३९४९ च्या दराने एसेन्शियलचे १९,७४५ रुपये होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आलेल्या डिस्कवाल्या पीएस५ ची किंमत ४९,९९० होती. म्हणजे पाच वर्षांत कन्सोलच्या जवळपास चाळीस टक्के रक्कम नुसत्या ऑनलाइनच्या परवानगीसाठी जाते. पीसी की कन्सोल हे ठरवताना ही रक्कम कुणी धरत नाही, ती धरली पाहिजे.

लॅगचा विषय निघालाच आहे तर खरा उपाय सांगतो, कारण वर्गणीपेक्षा खेळावर जास्त परिणाम त्याचाच होतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात कनेक्शन स्टेटस, त्यात टेस्ट इंटरनेट कनेक्शन चालवा. शेवटी नॅट टाइप दिसतो, म्हणजे कन्सोल बाहेरच्या खेळाडूंशी किती सहज जोडला जातो याचा आकडा. २ असेल तर ठीक. ३ असेल तर मित्राच्या पार्टीत आवाज न येणं, लॉबीत (सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे) घुसता न येणं, सामना जुळायला मिनिटं लागणं हे होणारच. याचं एक कारण म्हणजे आपल्याकडे लहान केबलवाल्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या फायबर जोडणीतही अनेक घरांना स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) मिळत नाही, शेकडो घरं एकाच आयपीमागे असतात. ओळखायचं कसं? राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही अशाच सामायिक आयपीमागे आहात. मग कंपनीकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागावा लागतो. त्याचे बहुधा महिन्याला जादा पैसे पडतात. नॅट ३ चं दुसरं कारण म्हणजे घरात एकामागे एक दोन राउटर असणं: केबलवाल्याचा डबा एक आणि आपण आणलेला दुसरा. यातला आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वाय-फाय देणाऱ्या) टाका आणि पहिल्यात यूपीएनपी (गेमसाठी वाट आपोआप मोकळी करणारी सेटिंग) चालू आहे का बघा. त्यानंतर कन्सोलला लॅनची वायर लावा. महावितरणची वीज वारंवार जाते तिथे राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. क्षणभर वीज गेली तरी राउटर पुन्हा चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि रँक्ड (क्रमवारीसाठीचा) सामना हातचा जातो. टीव्ही-कन्सोलला इन्व्हर्टर असून राउटरला नसणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

मग एसेन्शियलमध्ये चांगलं काय आहे? माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट जाहिरातीत फारशी दिसत नाही: एका वर्गणीत अख्खं घर खेळू शकतं. ज्या खात्यावर प्लस आहे त्यावरून पीएस५ मध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू करा. मग त्या कन्सोलवरची बाकीची सगळी खाती ऑनलाइन खेळू शकतात, प्लससोबत दर महिन्याला मिळणारे गेमही उघडू शकतात. त्याच खात्यावरून एक पीएस४ 'प्रायमरी' करता येतो. म्हणजे हॉलमध्ये पीएस५ आणि आतल्या खोलीत जुना पीएस४ असेल तरी वर्गणी एकच पुरते. दोन भावंडांनी दोन वर्गण्या भरल्याची उदाहरणं आहेत, तो खर्च पूर्ण टाळता येतो. फक्त क्लाउडवरचे सेव्ह (सोनीच्या सर्व्हरवर जपलेली खेळातली प्रगती) ज्याचे त्यालाच, म्हणजे वर्गणी असलेल्या खात्यालाच मिळतात. जुना कन्सोल विकण्याआधी त्यावरचं शेअरिंग किंवा प्रायमरी काढायला विसरू नका.

सेव्हबद्दल थोडं सविस्तर, कारण नुकसान इथेच होतं. पीएस४ गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येतात. पीएस५ गेमचे एकेक सेव्ह तसे काढता येत नाहीत. एक तर प्लसचं क्लाउड वापरा, नाहीतर बाहेरची ड्राइव्ह लावून पूर्ण कन्सोलचा बॅकअप घ्या. कन्सोल दुरुस्तीला गेला आणि डेटा पुसून परत आला तर क्लाउडवर नसलेले सेव्ह गेले म्हणून समजा. १०० जीबी जागा मिळते, ती भरपूर आहे. पण अपलोड आपोआप होतंय असं गृहीत धरू नका: सेटिंग्जमधल्या सेव्ह्ड डेटा विभागात ऑटो-सिंक चालू आहे का ते बघा. कन्सोल थेट बटणावरून बंद करायची सवय असेल तर रेस्ट मोडमध्ये (कन्सोल पूर्ण बंद न होता झोपेत असताना) होणारं अपलोड राहून जातं.

दर महिन्याचे गेम सहसा पहिल्या मंगळवारी येतात. कन्सोल चालू करायचीही गरज नाही, फोनवरच्या ॲपमधून 'ॲड टू लायब्ररी' केलं की झालं. वर्गणी संपली की ते बंद होतात, पुन्हा भरली की पूर्वी घेतलेले सगळे परत उघडतात. म्हणून आवडो न आवडो, दर महिन्याला घेऊन ठेवावेत. पीएस४ वाल्यांनी मात्र सावध राहावं. जानेवारी २०२६ पासून मासिक गेम आणि कॅटलॉगमध्ये पीएस४ चे गेम हा मुख्य भाग राहणार नाही, असं सोनीने आधीच जाहीर केलं होतं. फक्त पीएस४ असलेल्याने केवळ मासिक गेमच्या आशेने वर्षाचे पैसे गुंतवू नयेत.

एक्स्ट्राचा कॅटलॉग खरोखर मोठा आहे, पण त्यातला बराच भाग एकट्याने खेळायच्या गेमचा. त्याचा ऑनलाइन खेळण्याशी संबंध नाही. त्यात दर महिन्याला काही गेम निघूनही जातात. साठ तासांचा गेम अर्ध्यावर असताना तो कॅटलॉगमधून गेला तर उरलेला भाग खेळायला अख्खा गेम विकत घ्यावा लागतो. त्यामुळे एक्स्ट्रा घ्यायचंच तर उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर घ्या, खेळायचे दोन-तीन गेम आधी ठरवा आणि 'लास्ट चान्स टू प्ले' विभागात ते नाहीत ना, हे बघून मगच सुरू करा. डाउनलोडचाही विचार हवा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबीचा गेम उतरायला सव्वादोन तास तरी लागतात. पहिल्या पीएस५ मध्ये वापरायला ६६७ जीबीच जागा मिळते, त्यात मोठे गेम पाच-सहाच मावतात.

एक सापळा इथे आहे. तुमच्याकडे एसेन्शियलचे दहा महिने शिल्लक असताना एका महिन्यासाठी एक्स्ट्रा घेता येत नाही. उरलेल्या दहाही महिन्यांचा फरक एकदम भरावा लागतो. आणि मुदतीच्या मध्ये खालच्या प्लॅनवर उतरता येत नाही, तो बदल पुढच्या नूतनीकरणालाच लागू होतो. म्हणून अधूनमधून एक्स्ट्रा हवं असणाऱ्याने एसेन्शियल वर्षाचं न घेता तीन-तीन महिन्यांचं घ्यावं आणि ते संपल्यावर एक महिना एक्स्ट्रा करावं.

डिलक्स का नको? इतर देशांतल्या प्रीमियममध्ये क्लाउडवरून गेम स्ट्रीम करता येतात, म्हणजे डाउनलोड न करता खेळता येतात. ती सोय आपल्याकडे नाही, म्हणून तर इथे तो प्लॅन डिलक्स या नावाने येतो. उरतात जुने क्लासिक गेम आणि काही तासांच्या ट्रायल.

पैसे भरण्याची पद्धतही नीट निवडा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू आहेत. आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी कार्डाची तशी नोंदणी लागते आणि सगळ्या बँकांची कार्डं सगळीकडे चालत नाहीत. नूतनीकरण अडकलं की ऐन स्पर्धेच्या दिवशी ऑनलाइन बंद पडतं. सोपा मार्ग म्हणजे गिफ्ट कार्डाने वॉलेटमध्ये तेवढीच रक्कम ठेवणं. वसुली आधी वॉलेटमधून होते. मुलांच्या कन्सोलवर तर कार्ड जोडूच नका. चाइल्ड अकाउंट करून महिन्याची खर्चाची मर्यादा घाला. ऑटो-रिन्यू सुरुवातीपासून चालू असतं. ते प्लॅन घेतल्याच दिवशी बंद केलं तरी भरलेली मुदत पूर्ण वापरता येते.

महिन्याची फी घेणाऱ्या एमएमओ गेमचा (हजारो खेळाडू एकाच ऑनलाइन जगात खेळतात अशा) हिशेब वेगळा आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ मध्ये ते जग चालवणं, त्यात भर घालणं, फसवणुकीच्या तक्रारी निस्तरणं हे सगळं फी घेणारी कंपनीच करते. तिथे पैसे कशाचे हे स्पष्ट आहे. फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल ७० लेव्हलपर्यंत चालते आणि प्लेस्टेशनवर त्याला प्लसही लागत नाही. आधी ती संपवा, मग फी भरायची की नाही ते ठरवा.

सेवा बंद पडण्याचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क) जवळपास दिवसभर बंद होतं, त्याबदल्यात प्लस सदस्यांना पाच दिवस वाढवून मिळाले. गेमचे सर्व्हर कायमचे बंद झाले तर मात्र तुमची वर्गणी चालू असून उपयोग नसतो. युबिसॉफ्टचा द क्रू हा रेसिंग गेम मार्च २०२४ अखेर असाच बंद झाला. त्यामुळे केवळ एका जुन्या गेमसाठी वर्षाचा प्लॅन घेऊ नका.

वर्गणी थांबवायची ठरवलीत तर मुदत संपायच्या आठवडाभर आधी क्लाउडवरचे सगळे सेव्ह कन्सोलवर उतरवून घ्या. मुदतीनंतर ते क्लाउडवर कायम राहतील याची हमी नाही, आणि उतरवायला पुन्हा प्लसच लागतं.